मागं ठेवलेला डबा

डब्याचं झाकण खट्ट वाजलं आणि मी दचकून वर पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते. मे महिन्यात तळेघरला त्या वेळी कुत्रंसुद्धा भुंकत नाही. घरात इतकी शांतता होती की चुलीतली राख खचली तरी ऐकू यावी. एस्तू, माझी चार वर्षांची लेक, चुलीपाशी उकिडवी बसली होती. मुठीच्या डब्यात तिनं हात घातला होता, पण तो मनगटापर्यंतही आत गेला नव्हता.

"आई, डबा भरला," ती म्हणाली. "आता देवाची मूठ कुठं टाकायची?"

मुठीचा डबा माझ्या आईचा. पाच किलोचा, पत्र्याचा, कधीकाळी तुपाचा. माझं माहेर नगरकडचं. आमच्या घरी संध्याकाळी स्वैपाकाला धान्य घेतलं की आधी एक मूठ देवाची म्हणून डब्यात जायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बायका आपापले डबे घेऊन चर्चमध्ये उपासनेला यायच्या, वेदीपुढं पसरलेल्या चादरीवर ओतायच्या. पाळक प्रार्थना करायचे आणि मग ते धान्य ज्याच्या घरी नड असेल त्याच्याकडं जायचं. आईचे या बाबतीत दोन नियम होते. एक, हसत द्यायचं. कपाळाला आठी घालून दिलेलं देव घेत नाही. आणि दुसरा, कुणाच्या घरी न्यायचं असेल तर त्याच्या भांड्यात ओतून आपलं भांडं लगेच उचलून आणायचं. "भांडं मागं राहिलं की ते तगादा लावतं," आई म्हणायची. लग्नात तिनं तो डबा मला दिला. त्याच्या बुडाला खिळ्यानं कोरलेला एक लहानसा क्रूस आहे.

जुन्नरला सासरी होते तोवर सगळं सोपं होतं. चर्चची मंडळी लहान, पण चादर पसरली जायची. मग माझ्या नवऱ्याची, भरतची, बदली झाली तळेघरच्या दवाखान्यात. सत्त्याण्णव साल संपत आलं होतं तेव्हा. भरत आरोग्यसेवक, आठवड्यातले चार दिवस वाड्यावस्त्यांवर पायी हिंडायचा, कधी तिकडंच मुक्काम करायचा. जुन्नरला जायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागायच्या. नाताळाला जाऊन आलो, त्यानंतर जमलंच नाही.

रविवारी मी आणि एस्तू दोघीच उपासना करायचो. एक गाणारी, दुसरी गाण्याच्या मध्येच पाणी मागणारी.

गावातल्या बायका वाईट नव्हत्या. तापाच्या, खोकल्याच्या गोळ्या मागायला ओट्याशी यायच्या. "चहा ठेवू का?" म्हटलं की "आत्ताच घेतला की डाक्टरीणबाई" म्हणायच्या आणि उभ्याउभ्याच परत जायच्या. आमचा देव वेगळा म्हणून, की ख्रिस्ती होण्याआधीची आमची जात त्यांना माहीत होती म्हणून, की नुसतीच सरकारी माणसांची भीड, मी विचारलं नाही. माझ्या आजीनंही कधी कुणाला विचारलं नव्हतं. तिला माहीत होतं म्हणून. मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. पाच महिन्यांत माझ्या घरच्या कपाला दुसऱ्या कुणाचे ओठ लागले नव्हते, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

डबा भरला त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की शेजारच्या ठकूबाईच्या कौलांतून सकाळचा धूर निघत नाही. ठकूबाई म्हातारी, एकटी. डोंगराच्या उतारावर तिचा एक तुकडा होता, त्यात नाचणी करायची. सुनेशी पटलं नाही म्हणून मुलगा मंचरला, तो येत नसे. मी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी डबा कडेवर घेतला. दुसऱ्या कडेवर एस्तू.

ठकूबाई ओट्यावर सुक्या पाल्याचे भारे बांधत होती. पेरणीआधी वाफ्यावर पाला, गोवऱ्या पसरून जाळतात इकडे. त्याला राब भाजणं म्हणतात. ज्याचा राब चांगला भाजतो त्याचं रोप चांगलं उठतं.

"मावशी, हे तांदूळ आणलेत," मी म्हटलं.

"कशापायी?"

"आमच्याकडं रीत आहे. रोज एक मूठ काढून ठेवायची."

"भाताच्या गावात तांदूळ वाटती व्हय गं तू?" ती म्हणाली. पण डोळे डब्यावरून हलले नाहीत.

"आई सांगायची, द्यायचं तर हसत द्यायचं."

"मंग हास की. तू तर मयताला आल्यावानी उभी हाईस."

मला खरंच हसू आलं. ती पण हसली, खालच्या दोन दातांनी. दुसऱ्याच्या ओट्यावर उभं राहून मोठ्यानं हसले, ते कित्येक महिन्यांनी. मग ती उठली. "थांब, सूप आणते. डबा मोकळा करून दिते."

आईचा दुसरा नियम मला तेव्हा आठवत होता. अगदी शब्दासकट आठवत होता. तरी मी म्हणाले, "राहू द्या मावशी. डबा नंतर आणून द्या सावकाश."

डबा आणायला ती येईल. आली की बसेल. एवढंच मनात होतं. तांदूळ मी देवाचे म्हणून दिले, पण डबा माझ्यासाठी मागं ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिच्या कौलांतून धूर निघाला. मी साखर, चहापूड काढून ठेवली. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. उलट वाटेत मी दिसले की ठकूबाई बांधावरून वळून जायची. तिच्या भिंतीवर माझा डबा पालथा ठेवलेला दिसायचा, राखेनं घासून लख्ख केलेला. बुडावरचा क्रूस उन्हात इथपर्यंत चमकायचा. तो पाहूनच ती बिचकली असेल, असं मी धरून चालले. दिलं ते चुकलंच, असंही वाटलं. संध्याकाळची मूठ मी आता एका पातेल्यात टाकायचे, आणि खरं सांगायचं तर हसत टाकत नव्हते.

बाराव्या दिवशी विहिरीवर पाच-सहा बायका होत्या. ठकूबाईही होती. मी सहज बोलावं तसं बोलले, "मावशी, डबा झाला का रिकामा? सवडीनं आणा हं. घाई नाही."

बायका आपापल्या कळशा विसळू लागल्या. कुशाबाई, जिला एरवी बोलल्याशिवाय पाणीसुद्धा भरता यायचं नाही, तीही खाली बघत राहिली. ठकूबाईनं कळशी उचलली आणि म्हणाली, "उद्या आणती."

ती खरंच सकाळी आली. डबा काठोकाठ भरलेला होता, नाचणीनं. लालसर बारीक दाणे, त्यांना राख लागलेली. मला वाटलं, चुलीजवळ ठेवली असेल.

"अगंबाई, एवढं कशाला मावशी?"

"कशाला म्हंजी? भरून आल्याला डबा रिकामा धाडू व्हय? हास आता. घेतानाबी हासावं लागतं, का त्ये तुज्या आईनं न्हाई सांगितलं?"

आणि ती बसली. पायरीवर नाही, आत, चुलीपाशी. चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर मारून. एस्तूला म्हणाली, "ऐतवारी काय गाती गं तुमी मायलेकी? मला भिताडातून ऐकू येतं. म्हण बरं." एस्तूनं दोन ओळी म्हटल्या, तिसरी विसरली. ठकूबाई म्हणाली, "लई ग्वाड." जाताना मला डाक्टरीणबाई नाही, पोरी म्हणाली.

त्या दिवशी मी वेड्यासारखी गात होते. नाचणी तीनदा धुतली, राखेचं पाणी अंगणात ओतलं, ओट्यावर चादर पसरून कडक उन्हात वाळवली. दुसऱ्या दिवशी जात्यावर निम्मी दळली. नगरच्या माणसाला नाचणीची भाकरी थापता येत नाही. माझी तीन वेळा मोडली. तरी आम्ही दोघींनी गूळ लावून पोटभर खाल्ली. प्रार्थनेत मी ठकूबाईचं नाव घेतलं आणि देवाला म्हटलं, अखेर तू माणूस धाडलंस.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी कुशाबाई नातवाच्या तापाची गोळी मागायला आली. ओट्यावरची चादर पाहून थांबली.

"नाचणी कुठली गं?"

"ठकूमावशींनी दिली."

ती वाकली, चिमूटभर दाणे तळहातावर घेतले. "राख व्हती का हिला?"

"होती की. धुतली मी. मातीबिती लागली असेल म्हणून."

कुशाबाईनं ते दाणे हळूच परत चादरीवर ठेवले. "आगं बया, राख लावून बी ठेवत्यात. तिचं बियाणं त्ये. सासूपासून चालत आल्यालं. खायची नाचणी तर तिची होळीलाच सरली व्हती." मग थोडं थांबून म्हणाली, "बारा दीस ती घरोघर हिंडली, डब्यात घालाया वाईच कायतरी द्या म्हणून. या दिवसांत कुणाकडं हाय? आन् तू चारचौघींत डबा मागितलास."

गोळी न घेताच ती निघाली. मी मागं पळत जाऊन तिच्या हातात दिली.

उरलेली निम्मी नाचणी डब्यात भरली, आणि एस्तूला घेऊन उतारावर गेले. ठकूबाईचा राब भाजून झाला होता. काळा, चौकोनी वाफा, अजून कोमट. एका कोपऱ्यात धूर रेंगाळत होता. ती बांधावर बसली होती. माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"कुशी बोलली वाटतं. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

"मावशी, मला ठाऊक नव्हतं. निम्मी दळली मी. निम्मी आहे, पण धुतलेली. मी घोडेगावच्या बाजारातून बियाणं आणते. उद्याच जाते."

"आण की. बाजारचं बी बी उगवतंच." ती वाफ्याकडं बघत होती. "पर त्ये माझ्या सासूचं न्हवं."

मी तिच्यापुढं डबा धरला. मला तिला सांगायचं होतं की डबा मी मुद्दाम ठेवला. मला कुणीतरी घरात येऊन बसायला हवं होतं म्हणून ठेवला. ते सोडून मी डबाच आणखी पुढं केला.

"दिल्यालं परत घेत न्हाईत, पोरी," ती म्हणाली. मग एस्तूच्या रडवेल्या चेहऱ्याकडं पाहून जरा विरघळली. "बरं, एक मूठ घेते. तुमच्यात मुठीचीच रीत हाय नव्हं? उगावली तर सासूचं बी मोडणार न्हाई. न्हाई उगावली तर न्हाई."

तिनं डब्यात हात घातला, एक मूठ घेतली, वाफ्यात उतरली आणि हात फिरवून दाणे काळ्या राखेवर सोडले. दाणे दिसेनासे झाले. झाडलेला हात पदराला पुसत ती आमच्याकडं वळली आणि हसली. बळंच नाही. ओट्यावर तांदूळ घेताना हसली होती तशीच, दोन दातांनी.

"चा ठेव जा," म्हणाली. "येती मी मागनं."

आम्ही उतार चढू लागलो. डबा माझ्या कडेवर, अर्धा भरलेला, एका अंगाला कलणारा. एस्तू माझं बोट धरून चालली. घराजवळ आल्यावर तिनं बोट ओढलं.

"आई, ठकूआजीकडं आता कायच नाही ना? मग ती का हसली?"