ज्याची प्लेट त्याची काच

"हे धूड उद्या पहिल्या गाडीनं पुण्याला जाणार म्हणजे जाणार," जयसिंगनं बापाला, कुशाबांना, सांगून टाकलं.

धूड म्हणजे काचेच्या प्लेटवर फोटो घेणारा लाकडी कॅमेरा. कुशाबांनी त्यावर पौडला तीस वर्षं धंदा केला, सगळ्या मुळशी खोऱ्याची लग्नं टिपली. पुण्याचा एक दुकानदार तो ठेवून घेऊन बदल्यात रोल फिल्मचा जर्मन कॅमेरा द्यायला तयार होता. मुदत उद्यापर्यंतच होती.

"बोटभर फिल्मीत माणूस मावतंय व्हय रं?" कुशाबा उसळले. "माझी प्लेट वीतभर. धा वर्सांनी छाप, पापणीचा केस न् केस मोजून घे!"

जयसिंग चिडला, कारण म्हातारा खोटं बोलत नव्हता. नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या जयसिंगनं भिंग लावून दोन्ही पडताळून पाहिलं होतं. मोठं करताना फिल्मवरचा चेहरा रवाळ व्हायचा, प्लेटवरचा नाही. म्हणून तर तोंडानं काहीही म्हटलं तरी महिनाभर त्याचा निर्णय होत नव्हता.

तेवढ्यात उरवड्याची बायजा धनगरीण आली. पदराखालून तिनं एक फ्रेम काढली. तिचा मुलगा धुळाजी दोन वर्षांमागं धरणात बुडाला, त्याचा हा एकुलता एक फोटो. ओलीनं कागदाला बुरशी धरून चेहरा पार गेला होता.

"दुसरा छापून द्या, कुशाबाभाऊ. काच हितंच हाय."

"मावशी, ही नुसती फ्रेमची काच," जयसिंग हसून म्हणाला. "फोटोची काच आमच्याकडं असते. आबा, प्लेट काढा."

कुशाबा तिवईचा स्क्रू पिळत बसले.

"आबा?"

"ती तीच हाय."

फ्रेमसाठी पुण्याहून आणलेली काच एसटीत निम्मी फुटायची. म्हणून कुशाबा फोटो छापून झाला की प्लेट गरम पाण्यात सोडा टाकून भिजवायचे, तिच्यावरचा फोटोचा थर खरवडायचे आणि त्याच माणसाच्या फ्रेमला बसवायचे. एकाची काच दुसऱ्याला कधी लावली नाही, याचा त्यांना अभिमान होता.

"धा वर्सांनी छाप म्हणता!" जयसिंग ओरडला. "कशावरनं छापू? महिनाभर मला पापण्या मोजायला लावल्या तुम्ही!"

"फोटू दिलता की तिला! पोरगं जाईल हे मला काय ठावं?"

जयसिंगनं पक्कडीनं खिळे उपटले आणि काच उजेडात धरली. मध्ये ती स्वच्छ होती. खालच्या कडेला मात्र, लाकडाआड झाकली जाते तिथं, कुशाबांनी खरवडायचा आळस केला होता. तिथं मूळ फोटोच्या थराची अर्ध्या बोटाची काळी पट्टी उरली होती. त्यानं डार्करूममध्ये जाऊन ती छापली.

कागदावर दोन अनवाणी पावलं उमटली.

बायजानं ती डोळ्यांजवळ नेली. "करंगळी वाकडी. त्योच." मग ती कुशाबांकडं वळली. "तोंड खरवडलंस व्हय रं, भाऊ?"

कुशाबा पुन्हा तिवईचा स्क्रू पिळू लागले. रिकामी फ्रेम आणि काच तिथंच टाकून ती निघून गेली.

सकाळी जयसिंगनं कॅमेरा खांद्यावर घेतला, तेव्हा कुशाबा दारात आडवे उभे होते.

"फिल्मीत माणूस लई बारीक पडतंय. सांगून ठेवतो."

"पडू द्या," जयसिंग त्यांना ओलांडत म्हणाला. "ती खरवडून फ्रेमला तरी बसवता येत नाही."