जमेची बाजू, लंगडी बाजू

शुक्रवारी अकराच्या खेळाला, मध्यंतरानंतर सातव्या मिनिटाला, कुमुदचा नवरा पडद्यावर आला. तेव्हा तो तिच्या शेजारच्या खुर्चीत शेंगा सोलत बसलेलाही होता. कुमुदनं आधी पडद्यावरच्या यशवंतरावांकडे पाहिलं, मग शेजारच्या. दोघांच्याही अंगात तोच निळा, कोपराला रफू केलेला स्वेटर होता. रफू तिनंच केलं होतं, त्यामुळे ओळखण्यात चूक होण्याचा प्रश्न नव्हता.

कुमुद शिरगोपीकर मिरजेतल्या एका दैनिकासाठी एकोणीस वर्षं चित्रपट-परीक्षण लिहीत होती. तीन जमेच्या बाजू, तीन लंगड्या, असा तिचा शिरस्ता. पडद्यावरची नजर न काढता ती अंधारातच वहीत लिही. ओळीवर ओळ चढे, काना एकीकडे नि वेलांटी तिसरीकडेच जाई, आणि घरी आल्यावर ते तिचं तिलाही लागत नसे. यशवंतरावांना मात्र लागे. शनिवारी सकाळी ते चष्मा कपाळावर सरकवत, वही नाकाशी धरत आणि दैनिकाच्या कचेरीत फोन लावून सगळं वाचून दाखवत. ती तेव्हा स्वयंपाकघरात असे. छापून आलेलं ती वाचत नसे. वाढून झालेल्या ताटात पुन्हा हात कशाला घालायचा, असं तिचं म्हणणं. भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण तिला पाठ होती. पण म्हणी नेहमी दुसऱ्यांच्या गोठ्यासाठी असतात.

चित्रपट पुढच्या कुठल्याशा शतकातला होता. शहरावर लोखंडी छप्पर होतं, त्यामुळे ऊन नव्हतं. एक मोठी कचेरी होती. तिथं माणसं घरच्यांच्या वह्या घेऊन येत आणि मोठ्यानं वाचत. लंगडी बाजू म्हणून जे वाचलं जाई ते तिथल्या तिथं नाहीसं होई. नायकाचा एक हात पोलादी होता आणि तो मोटारसायकलवरून छपरा-छपरांवर उड्या मारत होता. ते कुमुदला जरा लांबल्यासारखं वाटलं. पण त्याच पाठलागात एक म्हातारी होती. ऊन नाही म्हणून ती रस्त्यावरच्या दिव्याखाली पापड वाळत घाली. गाड्या अंगावर आल्या की पापड उचली, गेल्या की पुन्हा एकेक मांडी. कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं लिहिलं, जमेची बाजू: म्हातारी.

आता पडद्यावरच्या यशवंतरावांनी कचेरीतल्या साहेबांसमोर वही उघडली. वही कुमुदचीच होती. ती तिच्या मांडीवरही होती. पान पडदाभर मोठं झालं, एकेक अक्षर पुरुषभर उंच, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुमुदला स्वतःचं अक्षर लागलं. 'जमेची बाजू: म्हातारी' असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"लंगडी बाजू," यशवंतरावांनी वाचलं. "पापडवाली म्हातारी. कथेत तिचं काही काम नाही."

दिवा तेवढा राहिला. म्हातारी गेली, पापडही गेले. थिएटरात पहिल्या रांगेत एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांच्या खुर्चीची बैठक फट्‌कन वर मिटली. बाकीचे लोक पुढे पाहत राहिले.

यशवंतराव मागची पानं उलटू लागले. अकरा वर्षांपूर्वीचं पान आलं. कुमुदची मैत्रीण विमल, तिच्या लेकाचा पहिलाच चित्रपट. कुमुदनं लिहिलं होतं, पोराच्या कामात जराही खोटेपणा नाही. यशवंतरावांनी वाचलं, पोराला अभिनय येत नाही. तेव्हापासून विमल कुमुदच्या हळदीकुंकवाला आली नव्हती, आणि लेक नट झाला म्हणून बाई चढून गेल्या, असं कुमुद चारचौघींत बोलत आली होती. बाल्कनीत एक खुर्ची मिटली.

एकोणीस वर्षं गावानं कुमुदच्या नावानं जे वाचलं त्यातला एकही शब्द तिचा नव्हता. तिनं शेजारच्या यशवंतरावांना विचारलं, "अहो, हे का केलंत?"

"तुझं अक्षर लागत नाही गं," ते शेंग फोडत म्हणाले. "पहिल्या शनिवारपासूनच लागलं नाही."

"मग सांगायचं नाही का मला?"

"तुझा माझ्यावर भरवसा होता ना."

ते इतक्या साधेपणानं म्हणाले की कुमुदला रडूही आलं नाही. ती उठली. पण तेवढ्यात पडद्यावरून आवाज आला की बाहेरचं दार करकरतं, त्यानं रसभंग होतो, ही लंगडी बाजू. दाराच्या जागी भिंत झाली. पंखा, पायऱ्यांवरचे दिवे, मधली वाट, एकेक वाचलं गेलं. प्रेक्षकही वाचले गेले आणि खुर्च्या मिटत मिटत जवळ येऊ लागल्या. तिच्या मागच्या रांगेतली शेवटची खुर्ची मिटली तेव्हा ती परत खाली बसली.

साहेबांनी विचारलं, आजच्या चित्रपटाची तिसरी लंगडी बाजू कुठं आहे. यशवंतरावांनी पान निरखलं. तिथं कोरं होतं, कारण कुमुदनं अजून लिहिलंच नव्हतं.

"लिहितेस ना?" शेजारचे यशवंतराव म्हणाले.

कुमुदनं पेन घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पडद्यावरची नजर काढून वहीकडे पाहिलं. बिगरीतल्या मुलीसारखं एकेक अक्षर सुटं, टपोरं, शिरोरेघ सरळ. लंगडी बाजू: यशवंत. लग्नात उखाणा घेतल्यानंतर हे नाव तिच्या तोंडी किंवा हाती कधी आलं नव्हतं. तिनं वही शेजारी दिली. ती पडद्यावरच्या हातांनी घेतली.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वही नाकाशी धरली. मागे पडदाभर अक्षरं उभी होती, कुणालाही लागतील अशी.

"आज अक्षर छान आलंय," यशवंतराव म्हणाले, आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "कुमुद."

शेजारच्या यशवंतरावांनी शेंगा सोलायचं थांबवलं आणि हात पुढे करून, तिची खुर्ची मिटताना आवाज होऊ नये म्हणून, बैठक अलगद धरली.