गार हाय का गं?

मित्रांनो, लांबूनच ऐका. मला हात लावू नका. मी एक जुना अॅम्प्लिफायर आहे आणि तिसगावातल्या एका पत्र्याच्या खोलीत गोणपाट पांघरून बसलो आहे. गाण्याचा अॅम्प्लिफायर नव्हे बरं का! वरातीत छाती बडवणारा तो माझा कुणी लागत नाही. परवाना काढून, गच्चीवर तार ताणून, परमुलखातल्या अनोळखी माणसांशी रेडिओवर गप्पा मारणारे हौशी लोक असतात. त्यांना हॅम म्हणतात. मी त्यांचा. त्यांचा लहानसा रेडिओ नुसता कुजबुजतो. ती कुजबुज घेऊन मी तिला समुद्रापलीकडे पोहोचवायचो.

मला रंगनाथरावांनी बांधलं. तिसगावच्या बाजारात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक जुनं दुरुस्त करायचं सोडून नवं घ्यायला लागले, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि घरामागच्या या खोलीत मला बांधायला घेतलं. माझं अंग म्हणजे विहिरीवरच्या मोठ्या मोटारीच्या स्टार्टरचा टाकून दिलेला डबा. माझे दोन व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, नगरच्या भंगारबाजारातले. चांगले बाटलीएवढे आहेत, आणि तापले की काचेतून पिवळाजर्द उजेड पडायचा. हल्ली नखाएवढ्या चिपा आल्या आहेत. त्या काम करतात की झोपतात, बाहेरून काही कळत नाही. आमचं तसं नव्हतं. आमचं तापणं खोलीभर दिसायचं.

माझ्या ट्रान्सफॉर्मरची तार मात्र रंगनाथरावांनी गुंडाळली नाही. ती त्यांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी गुंडाळली. गोधडी शिवणारा हात तो. एक थर तारेचा, एक थर कागदाचा, वरून वॉर्निश. मध्येच कुणी हाक मारली आणि फेऱ्यांचा हिशेब चुकला, तर सगळं उलगडून पुन्हा सुरू. "तुमच्यापरीस माजा हात सरळ चालतो," असं त्या नवऱ्याला ऐकवायच्या, आणि ते खरंच होतं. रंगनाथरावांनी माझं नाव पैलवान ठेवलं. मनकर्णाबाई मला सवत म्हणायच्या. पण रोज संध्याकाळी माझ्यावरची धूळ त्याच पुसायच्या.

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला समजणार नाही. माझ्या पोटात मोठे कंडेन्सर आहेत. वीज साठवणाऱ्या टाक्याच म्हणा ना. मोटार बंद केली म्हणून टाकीतलं पाणी नाहीसं होतं का? तसंच माझं. बटण बंद केलं, प्लग उपसून काढला, तरी मी आत भरलेला राहू शकतो. ती वीज हळूहळू जिरवायला एक रेझिस्टन्स बसवलेला असतो. पण तो बिचारा कधी तुटेल याचा नेम नाही. तो तुटला, तर मी वरून मेल्यासारखा आणि आतून माणूस मारण्याइतका जिवंत.

म्हणून दाराजवळच्या खिळ्याला एक लाकडी काठी टांगलेली असायची. तिच्या टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड वायर, वायर जमिनीतल्या अर्थिंगला. झाकण उचललं की आधी ती काठी कंडेन्सरला लावायची. आत वीज असली तर फटाका फुटल्यासारखा आवाज व्हायचा आणि मी रिकामा व्हायचो.

रंगनाथरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हापासून काठी लावायचं काम मनकर्णाबाईंकडे आलं. ते स्क्रू काढायचे आणि विचारायचे, "गार हाय का गं?" बाई एक हात पाठीमागे घ्यायच्या, कारण दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते, दुसऱ्या हाताने काठी लावायच्या आणि मगच म्हणायच्या, "गार हाय." तो शब्द ऐकल्याशिवाय रंगनाथराव आत बोट घालत नसत. आमच्या खोलीत गार म्हणजे थंडगार नव्हे. गार म्हणजे काठी लावली, आता जीव जात नाही. हा अर्थ जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होता.

माझे चांगले दिवसही होते, मित्रांनो. कोकणात पूर आला, मोबाईलचे टॉवर बंद पडले, तेव्हा अडकलेल्या माणसांचे निरोप रंगनाथरावांनी माझ्या जोरावर पोहोचवले. गावाने त्यांना फेटा बांधला. मला कुणी हार घातला नाही, पण रंगनाथरावांनी स्वतःच्या गळ्यातला काढून माझ्यावर ठेवला. मनकर्णाबाई ओरडल्या, "अहो, जळंल ना त्यो!" आणि मग दोघंही किती हसली होती! आता या घरात असं कुणी हसत नाही.

गेल्या वर्षी अमृतचं लग्न झालं. अमृत हा त्यांचा एकुलता मुलगा, नगरला कारखान्यात कामाला. रुपाली सून म्हणून घरात आली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ती सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची. पोरगी चुणचुणीत. दारात उभी राहून माझा उजेड टक लावून बघायची. रंगनाथरावांना तिचं भारी कौतुक. ते बायकोला म्हणाले, "हिला काठीचं शिकवून ठेव. तू कधी गावाला गेलीस तर माझं अडायला नको."

मनकर्णाबाई "बरं" म्हणाल्या. पण शिकवलं नाही. रुपाली उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू लागली की त्या म्हणायच्या, "हितं काय हाय तुझं? भाकरीचं बघ जा." रंगनाथरावांनी पुन्हा विचारलं. बाई माझ्यावरची धूळ पुसत राहिल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, "शिकविली की! किती डोकं खाताय!"

मी ऐकत होतो. मला तोंड असतं तर तिथल्या तिथे ओरडलो असतो. पण मी दुसऱ्यांचा आवाज मोठा करणारा. माझा स्वतःचा आवाज मला कुणी दिलाच नाही.

मग मनकर्णाबाई भाच्याच्या मुलाच्या बारशाला मिरजगावला गेल्या. जाताना नवऱ्याला बजावून गेल्या, "मी येस्तवर त्याला उघडू नका." पण रंगनाथरावांना कुठला दम! सकाळी मीटरचा काटा जरा थरथरला, आणि ते घेऊन बसले मला. बटण बंद केलं, प्लग काढला, झाकणाचे स्क्रू काढले. झाकण अजून माझ्यावरच होतं. तेवढ्यात अंगणात कुणीतरी हाक मारली. पिठाची गिरणी बंद पडलेला शेजारी होता. रंगनाथराव बाहेर गेले.

रुपाली चहा घेऊन आली आणि दारात थांबली. तिला बघून ते अंगणातूनच म्हणाले, "पोरी, गार हाय का तेवढं बघ."

रुपालीचा चेहरा उजळला. मामांनी पहिल्यांदा काम सांगितलं होतं. कप टेबलावर ठेवून ती आत आली. माझ्या झाकणावर तिने तळहात ठेवला. इथे ठेवला, तिथे ठेवला, तव्याचा अंदाज घ्यावा तसा. मी सकाळी जेमतेम घटकाभर चालू होतो. माझा पत्रा गारच होता. ती मोठ्याने म्हणाली, "व्हय मामा, गार हाय!"

काठी खिळ्यालाच होती. आत येऊन खुर्चीत बसताना रंगनाथरावांना ती खिळ्यावर आहे हे दिसलं, पण काम झाल्यावर ती तिथेच परत टांगायची असते. त्यांना संशय कसा येणार? बायकोने शिकवली आहे, सुनेने शब्द दिला आहे. त्यांनी झाकण उचललं. डावा हात माझ्या अंगावर टेकवला आणि उजवा आत घातला.

माझा वीज जिरवणारा रेझिस्टन्स आतून तुटलेला होता.

ते ओरडलेसुद्धा नाहीत. खुर्चीत बसले ते बसलेच. रुपाली "मामा, मामा" करत त्यांचे हात चोळत राहिली. डॉक्टर आले तोवर ते हात गार पडले होते.

दहाव्याला आलेल्या बायकांनी कुजबुज सुरू केली. वर्षही झालं नाही सून येऊन. पांढऱ्या पायाची, दुसरं काय! मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या. "माज्या सुनंचं नाव घ्यायचं न्हाई. त्यो मुडदा डबा खराब हुता, त्यानं खाल्लं त्यांना." त्या दिवसापासून मी खुनी ठरलो. पोरं माझ्या खिडकीवर दगड मारून पळतात. मला राग येतो, मित्रांनो. फार राग येतो. ज्यांनी मला बांधलं, त्यांना मी कशाला खाऊ? पण बाईंनी माझं नाव का घेतलं तेही मला कळत होतं. माझ्यावर ढकललं नसतं, तर ते त्या पोरीवर पडलं असतं. "गार हाय" असं कोण म्हणालं, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी ते ओळखलं होतं, पण आपल्या त्या शब्दाने काय झालं हे रुपालीला ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी कुणी विचारील, त्या दिवशी रुपालीचं काय होईल, याच एका भीतीत बाई दिवस काढत होत्या.

पावसाळा सरल्यावर कल्याणराव आले. श्रीरामपूरचे, रंगनाथरावांचे रेडिओवरचे जुने दोस्त. अमृतने त्यांना मला घेऊन जायला सांगितलं होतं. घरात डोळ्यांसमोर नको म्हणाला. कल्याणरावांनी आधी काठी लावली, मग मला उघडलं, मीटरने एकेक तपासलं, आणि तो तुटका रेझिस्टन्स त्यांना सापडला. मनकर्णाबाई आणि अमृत शेजारी उभे होते. रुपाली चहा घेऊन उंबऱ्याशी.

कल्याणराव हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हा तुटला होता हे कळलं. पण रंगनाथ काठीशिवाय आत हात घालणारा माणूस नव्हता. त्याला गार हाय म्हणून कुणी सांगितलं?"

"मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. एका झटक्यात म्हणाल्या, कधीपासून जिभेवर तयार ठेवल्यासारखं. "मी सांगितलं. काठी लावायची इसरले."

अमृत त्यांच्याकडे बघत राहिला. "आई, तू तर मिरजगावला हुतीस."

मनकर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले. जिच्यापासून लपवायचं, तिलाच त्यांनी सांगून टाकलं होतं. त्या स्वतःवर ओढून घेत होत्या, म्हणजे ओढून घेण्यासारखं काहीतरी होतं, हे रुपालीला कळलं.

रुपालीने चहाचा ट्रे खाली ठेवला. "मी म्हनले हुते," ती म्हणाली. "मामांनी इचारलं, मी हात लावून बघितला. गार हुता. आत्या, गार म्हंजी दुसरं काय असतं?"

कल्याणरावांनी मान खाली घातली. अमृत काही बोलणार, तोच मनकर्णाबाईंनी त्याला हाताने थांबवलं. "तू गप. ह्ये माजं हाय." मग त्या सुनेकडे वळल्या. "तुला शिकवायला त्यांनी लई येळा सांगितलं हुतं. मी शिकविली म्हनून खोटं सांगितलं. साऱ्या घराच्या चाव्या तुला द्यायच्याच हुत्या. पन ही खोली माजी हुती गं. ह्यो येक शबुद माजा हुता. तेवढा मला द्यावासा वाटला न्हाई."

रुपाली रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. ती नुसती आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिली. अमृत बाहेर जाऊन अंगणात बसला. कल्याणराव मला न घेताच श्रीरामपूरला गेले. त्यानंतर घरात स्वयंपाक होतो, कपडे वाळतात, मोबाईल वाजतो. पण आत्या आणि सून एका खोलीत असल्या की भांड्यांचाच काय तो आवाज.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना भंगारात फेकू नका असं मी तुम्हाला सांगणार होतो. आता त्याचं मला काही वाटत नाही. फेका. माझं मागणं वेगळं आहे. घरात, दुकानात, शेतावर नवं माणूस आलं, तर आपल्या कामाचे शब्द त्याला आधी सांगा. ज्याने जीव वाचतो तो शब्द स्वतःपाशी ठेवून मिरवू नका. आणि तुम्ही नवे असाल, तर अर्थ विचारायला लाजू नका. लोक हसले तर हसू देत.

कालची गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो. मनकर्णाबाई रुपालीचा हात धरून तिला खोलीत घेऊन आल्या. माझ्यावरचं गोणपाट काढलं, झाकण उचललं. खिळ्यावरची काठी काढून त्यांनी सुनेच्या हातात दिली. "ह्यो हात पाठीमागं. असा. आता ह्या हातानं काठी हितं टेकव. भ्यायचं न्हाई." रुपालीने काठी टेकवली. काहीच आवाज झाला नाही. माझ्यात काही उरलेलंच नाही. बाई म्हणाल्या, "बरूबर. आता म्हन."

रुपालीचे ओठ हलले, पण शब्द येईना. रुपाली त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मग एकदम, अंगणापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने ती ओरडली, "मामा, थांबा! हात घालू नका!"