सुकेळी उन्हात, मी इंटरनेटवर

मित्रांनो, मी एक जुना ब्लॉग आहे. हसू नका! वय माझं जेमतेम दोन वर्षांचं, पण इंटरनेटवर तेवढ्यात आजोबा व्हायला होतं.

माझा जन्म तुळिंजच्या एका सायबर कॅफेत झाला. माझी मालकीण क्षितिजा तेव्हा आठवीत होती. कॉम्प्युटरवर मराठी कसं टाइप करायचं ते तिला कुठे माहीत? म्हणून तिने मला इंग्रजी अक्षरांतून मराठी बोलायला शिकवलं. शेजारच्या खुर्चीवर तिची मैत्रीण सेलिन डोकावून बघत होती.

"तू काय खाल्लंस, कुठे गेलीस, हे कोण वाचणार गं?"

"तूच! आणि कॉमेंटपण टाकायची, नाहीतर कट्टी."

असा मला पहिला वाचक मिळाला. धमकी देऊन का होईना!

दर रविवारी क्षितिजा यायची. सुरुवातीला दोन ओळींतच तिचं घोडं अडायचं. पण रविवारी लिहायचंय म्हणून ती आठवडाभर नीट बघायला लागली. चिंचोटीच्या धबधब्यात बाबांची चप्पल कशी वाहून गेली, भाजीवाली रागावली की आधी पदर कसा खोचते, सगळं माझ्याकडे जमा! शाळेत तिचा निबंध वर्गात वाचून दाखवला, तेव्हा मी नुसता फुगलो होतो.

त्या दिवाळीत ती आगाशीला जयवंतीआत्याच्या वाडीत राहिली. आत्या सुकेळी करायची. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवायची, मधासारखी गोड झाली की पानात बांधायची. परत आल्यावर क्षितिजाने त्यावर एवढं लांबलचक लिहिलं, की सेलिनने कॉमेंट टाकली, 'संपलं का एकदाचं?'

मग नववी आली आणि क्षितिजाला चॅटिंगचं वेड लागलं. रविवारमागून रविवार गेले. माझ्याकडे कुणी फिरकेना. शेवटची पोस्ट उराशी धरून मी नुसता बसून होतो.

पुढच्या दिवाळीत काय झालं, ते तिने मला नंतर लिहून सांगितलं. आत्याच्या मुलीचं, जागृतीताईचं लग्न ठरलं होतं. रुखवतात घरचीच सुकेळी मांडायची, अशी त्यांच्याकडे रीत. आणि नेमकी आत्या वाडीत घसरून पडली. उजवा हात प्लास्टरमध्ये!

"मी सांगते, तुम्ही करा," आत्या म्हणाली.

क्षितिजा आणि ताईने केळी सोलून मांडवावर पसरली, आणि खुशाल मेंदी काढायला बसल्या. सकाळी बघतात तर रात्रभर दव पडून केळी चिकट, आंबूस झालेली.

"अगं, दिवेलागणीला उचलायची नाय काय?"

"आई, तू सांगितलंच नाहीस!"

"यात सांगायचं काय? माझा हात आपोआप जातो. हाताला ठावं, मला कोन विचारतं!"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता एकच घड उरला होता. तोही बिघडला, तर रुखवतात सुकेळीच नाहीत. आणि तेव्हा क्षितिजाला मी आठवलो!

लोडशेडिंगमुळे लाइट जायच्या आत तिने आगाशी नाक्यावरचा सायबर कॅफे गाठला आणि माझी प्रिंट काढली. माझ्यात सगळं होतं. आत्या दिवा लावायच्या आधी केळी उचलून घरात नेते. उचलताना प्रत्येक केळं बोटाने दाबते, मऊ लागलं तर दुसऱ्या दिवशी वरची बाजू खाली ठेवते. त्याबरहुकूम दोघींनी केलं. दर संध्याकाळी धाकधूक, दर सकाळी वास घेऊन बघणं!

रुखवतात सुकेळी अशी चमकत होती, की नवऱ्यामुलाच्या मावशीने मांडणी मोडून एक उचललं. नंतर व्याह्यांनीही मागितली. शेवटी ताट रिकामं!

लग्नानंतर क्षितिजा आत्यालाच माझ्याकडे घेऊन आली. क्षितिजाने मला मोठ्याने वाचून दाखवलं. आत्या आधी हसली. मग आपला हात उलटसुलट करून बघत राहिली.

"असं करते मी? मलाच माहीत नव्हतं गं."

मित्रांनो, तुमच्याही घरी असे काही हात असतील, ज्यांना विचारलं तर सांगता येत नाही. ते कामात असतानाच बघा, आणि त्याच आठवड्यात लिहून ठेवा. चुकलं तरी चालेल, दोनच ओळी झाल्या तरी चालेल. फक्त आम्हा ब्लॉगांना उपाशी ठेवू नका!