अकरा ते पाचची मेल

धर्मपालनं तिसऱ्यांदा फोन लावला आणि तिसऱ्यांदाही फुलसावंगीच्या कापूस-जिनिंगचा फोन एंगेजच लागला.

"बंद पडलेल्या जिनिंगमंदी येवढं बोलून राह्यलं तरी कोन?" त्याची बायको नलू डबा ठेवता ठेवता म्हणाली.

धर्मपालनं रिसीव्हर आदळला. तिथं कुणी बोलत नव्हतंच. फोनच्या वायरवरून कॉम्प्युटर इंटरनेटला लागला होता, म्हणून फोन अडकला होता. आणि तो कॉम्प्युटर तसा कुणी लावून दिला होता? ह्याच शहाण्यानं.

दारव्ह्यात धर्मपालचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आधी टाइपरायटर दुरुस्त करायचा, मग काळ बदलला तसा हाही बदलला. अलीकडे तर अर्धी कामं मेलचीच. कुणाची मेल जात नाही, कुणाची येत नाही, कुणाला पासवर्ड आठवत नाही. धर्मपाल जायचा, आउटलुक उघडायचा, दोन-चार खुणा करायचा आणि गाडी चालू. आता ह्या माणसाची एक खोड होती. नव्या मशीनवर गिऱ्हाइकाचं खातं उघडण्याआधी तो स्वतःचंच खातं तिथं टाकून बघायचा. आपली मेल धाडधाड उतरताना दिसली की गिऱ्हाईक तोंडाचा आ करून बघत राही, आणि धर्मपालला बरं वाटे. मग निघताना तो आपलं खातं काढून टाकी.

फुलसावंगीला मात्र ते राहून गेलं. महिन्यापूर्वी तिथं काम करताना लाइट गेली, शेवटची जीप हॉर्न मारत होती, आणि हा तसाच पळाला.

हे त्याच्या ध्यानात आलं आज सकाळी. नागपूरचा सामानवाला फोनवर तणतणला, तीन मेल केल्या, उत्तर नाही म्हणून. धर्मपालनं महिन्याभराच्या मेल काढून त्यांच्या वेळा पाहिल्या. ज्या होत्या त्या सगळ्या सकाळी अकराच्या आत आलेल्या, नाहीतर संध्याकाळी पाचनंतरच्या. मधली एकही नाही. म्हणजे अकरा ते पाच दुसरं कुठलं तरी मशीन त्याची मेल ओढून घेत होतं. मेलचा डबा लहान, लवकर भरतो, म्हणून उतरलेली मेल त्यात शिल्लक ठेवायची नाही ही खूण तो सगळीकडे स्वतःच करायचा. जो आधी उचलेल त्याची मेल. दुसऱ्याकडे असं झालं असतं तर त्यानं चहा गार व्हायच्या आत सांगितलं असतं. स्वतःचं कळायला महिना गेला.

सामानवाल्याचं सोडा हो. धर्मपाल फोनला चिकटला होता तो उर्वशीसाठी.

उर्वशी त्याची पोरगी. नर्सिंग शिकलेली. महिन्यापूर्वी नागपूरच्या एका दवाखान्यात मुलाखत देऊन आली होती. आठवड्यात मेलवर कळवू, असं ते म्हणाले होते, आणि तिनं पत्ता दिला होता दुकानाच्या मेलचा. पंधरा दिवस रोज संध्याकाळी दुकानात येऊन ती विचारायची. मग विचारणं बंद झालं. माह्यं इंग्रजीच कच्चं, असं म्हणून तिनं दारव्ह्यातल्याच एका डॉक्टरकडे केसपेपर काढायचं काम धरलं.

फोन लागेना, म्हणून तो स्वतःच फुलसावंगीला निघाला. जीप भरेपर्यंत धर्मपाल स्टँडवर येरझारा घालत राहिला. ड्रायव्हरला दोनदा काहून थांबला म्हणून विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर ड्रायव्हरनं त्याच्याकडे बघणंच सोडलं. पुसदला जीप बदलली. तिथंही तेच. आली असेल का, आली असेल तर काय आली असेल, तारीख टळली असेल का. एक विचार धड पुरा होईना. शेजारच्या म्हाताऱ्यानं तब्येत बरी नाही काय, म्हणून विचारलं.

जिनिंगच्या अंगणात मागच्या दोन वर्षांत कापसाची गाडी अशी आलीच नव्हती. भाव पडले, पीक पडलं, मालक नागपूरला जाऊन बसला. मागे राहिले कारकून वामनराव. ऑफिस अकरा ते पाच उघडं ठेवा, एखादी ऑर्डर यायची, असं मालकाचं फर्मान होतं, आणि वामनराव ते पाळत होते. धुतलेला सदरा, समोर कॉम्प्युटर, इंटरनेट दिवसभर चालू, मिनिटामिनिटाला मेल पाहणं.

"या, कंप्युटरवाले भाऊ," ते खुशीत म्हणाले. त्यांना त्याचं नाव-आडनाव कधी लागलंच नव्हतं. "लय मेला येतात इथं. समद्या छापून फाइल केल्या."

खरंच केल्या होत्या. प्रत्येक मेल छापलेली, वर आवक शिक्का, क्रमांक, तारीख. धर्मपालनं फाइल हातातून जवळजवळ हिसकावलीच. सातवा कागद नागपूरच्या दवाखान्याचा होता. कुमारी उर्वशी मेश्राम यांची नेमणूक झाली आहे, आठ दिवसांत होकार कळवावा.

कागदाला मागून आणखी एक कागद टाचला होता. जावक क्रमांक चार.

"हे काय?"

"उत्तर," वामनराव म्हणाले. "इथं या नावाचं कोनी काम करत नाई, असं कळवलं. डिक्शनरी घेऊन अर्धा तास लिहीत बसलो. तीस वर्सांत एक कागद बिनाउत्तराचा ठेवला नाई म्या."

आणि ते उत्तर गेलं होतं उर्वशीनं दिलेल्याच पत्त्यावरून. ज्या खात्यात मेल येते त्याच खात्यातून उत्तर जातं. हे सगळ्या तालुक्याला धर्मपालनंच शिकवलेलं.

त्यानं इंटरनेट तोडलं आणि तिथूनच दवाखान्याला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली. तुमचं उत्तर आलं, म्हणून यादीतली पुढची मुलगी घेतली, ती रुजूही झाली, पुढच्या जाहिरातीला जरूर अर्ज करा.

फोन ठेवल्यावर त्यानं सांगितलं, पोरगी माझी आहे. वामनराव शिक्का उगाच इकडून तिकडे सरकवत राहिले.

"पोरीले सांगू नका," शेवटी ते हळूच म्हणाले. "आलीच नाई म्हना. तिले कायचं समजते."

धर्मपालनं आपलं खातं त्या मशीनवरून काढलं. दोन्ही कागद मागून घेतले.

परतीच्या वाटेवर तो हाच विचार करत होता. वामनराव चूक बोलले नव्हते. पोरीनं मनाची समजूत घातलेली, कामालाही लागलेली. सांगून नोकरी थोडीच परत येणार होती? उलट बाप नजरेतून उतरायचा तेवढा उतरेल. दिग्रसला जीप थांबली तेव्हा त्यानं कागद फाडायला हातात घेतले, आणि पुन्हा खिशात ठेवले. त्याला लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त वाटत होती.

घरी उर्वशी भाजी निवडत बसली होती. चपला न काढताच त्यानं कागद तिच्यापुढे धरले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: खातं, लाइट, जीप, वामनराव, उत्तर.

"माह्या हातानं गेली तुही नोकरी," तो म्हणाला.

तिनं दुसरा कागद बाजूला ठेवला. पहिला वाचला. मग परत वाचला.

"बाबा, म्हंजे त्यायनं मले घेतलं होतं?"

"हो."

"चाळीस जनी होतो आमी. चौघीच घेनार होते."

"हो बाई. पन मी..."

"तुमच्यावर उद्या रागावीन मी," उर्वशी म्हणाली. तिची मान वर होती. "आज मले हे वाचू द्या."

नलू आतून हात पुसत आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. उर्वशीनं तिला जवळ बसवलं, कागदावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. धर्मपाल दारातच उभा राहून ऐकत होता.