उजव्या नळीतलं तेल

धावड्यात रखमाजी आणि त्याचा धाकटा भाऊ कडूबा यांची वाटणी झाली, तेव्हा पंचांनी घमेल्यापासून उखळापर्यंत सगळं बरोबर दोन ठिकाणी केलं. राहिली बैलजोडी. ती अर्धी कापता येत नाही हे पंचांच्याही ध्यानात आलं. म्हणून एक बैल रखमाजीचा, एक कडूबाचा. औताला जोडी लागली की सावड करायची, म्हणजे दोघांचे बैल एकत्र जुंपायचे, आणि आपल्या बैलाची वैरण आपण घालायची. रीत जुनी होती, कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पुढं लढाई संपली आणि जालन्याच्या भंगारवाल्या गिरधारीलालकडं लष्करानं मोडीत काढलेली एक मोटारसायकल आली. ती दोघा भावांनी मिळून घेतली, कारण एकानं घेतली असती तर दुसऱ्याला झोप लागली नसती. गाडी गावात आली तेव्हा पंचांना बोलावायची गरज पडली नाही. उजवं अंग रखमाजीचं, डावं कडूबाचं. पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन नळ्या होत्या, आत स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की त्या आत जायच्या, खड्डा सरला की बाहेर यायच्या. उजवी नळी रखमाजीनं जपायची, डावी कडूबानं. आपला बैल, आपली वैरण.

दसऱ्यापर्यंत बरं चाललं. मग कडूबाच्या विहिरीवरचं मोटेचं चाक कुरकुरायचं थांबलं.

हे चाक बापाच्या काळापासून कुरकुरत आलं होतं. त्याच्या आवाजावर अर्धं गाव न्याहारीला बसायचं. ते एकाएकी गप झालं आणि रखमाजीच्या हातातला घास हातात राहिला. चाक गप व्हायला तेल लागतं. कडूबाच्या घरात तेल म्हणजे सणाला दिसणारी वस्तू. मग हे कुठून आलं?

दुसऱ्या दिवसापासून रखमाजी सकाळी उठला की आधी गाडीपाशी जाऊ लागला. नळीच्या तळाशी तेल काढायचा एक बारका स्क्रू होता. तो ढिला करायचा, तळहातावर चार थेंब तेल घ्यायचं, वास घ्यायचा. तेल आहे. स्क्रू आवळायचा. आजचा दिवस निभावला, उद्याचं उद्या. हातातलं तेल मातीत पुसणं त्याच्या रक्तात नव्हतं, म्हणून जाता जाता ते बैलाच्या शिंगांना चोळायचं.

"दादा, तुझ्या बैलाला तेज आलंय," कडूबा एकदा म्हणाला.

जळतोय, रखमाजीनं मनात नोंद केली.

संक्रांत जवळ आली आणि गाडी पुढून ठोके देऊ लागली, शिवाय उजव्या अंगाला ओढू लागली. रखमाजीला जे समजायचं ते समजलं. त्यानं भट्टीवरून तीनशे विटा आणून दोघांच्या सामाईक अंगणाच्या मधोमध रचल्या आणि बायकोला सांगितलं, "नळ्या उघडायच्या हायेत. माझ्या नळीत तेल कमी निघालं, तर अंगणात भिंत. बिलकुल छातीएवढी."

साळूबाई म्हणाली, "जातं ह्या अंगाला, रांजण त्या अंगाला. मंग मी पीठ खाऊ का पाणी पिऊ?"

"चोराशी शेजार नको."

"आधी चोर तर दिसू द्या."

गिरधारीलालनं काम समजावून दिलं होतं: गाडी उचलून धरा, जुनं तेल काढा, आतली स्प्रिंग घासलेटनं धुवा, नवं तेल दोन्हीकडं एकेक पेला, पण बराबर, थेंबाचा फरक नको. हे ऐकून दोघं भाऊ आपापला पितळी पेला घेऊन आले. पेले एकाच मापाचे आहेत का, हे रखमाजीनं एकातलं पाणी दुसऱ्यात ओतून पाहिलं. मग कडूबानं तेच उलट करून पाहिलं.

गाडीच्या पोटाखाली सहा विटा लावल्या. पुढचं चाक अधांतरी झालं, ते काढून निंबाला टेकवलं. दोघं दोन बाजूंना उकिडवे बसले. काम करताना दोघांचीही नजर पलीकडच्या हातावर होती, त्यामुळं रखमाजीचा पान्हा दोनदा स्वतःच्याच अंगठ्यावर बसला. तो ओरडला नाही. ओरडलं की डोळे मिटतात.

स्क्रू निघाले. तेल संथपणे पेल्यांत उतरलं आणि थांबलं.

डावा पेला काठाला आला होता. उजवा अर्धा.

रखमाजीनं पेला उचलून आत डोकावून पाहिलं. ज्या गोष्टीची तीन महिने वाट पाहिली ती समोर होती, आणि आता ती असायला नको होती असं त्याला वाटलं. पण विटा आणलेल्या होत्या.

"कडूबा, तुझं चाक गप का?"

"कोणतं चाक?"

"मोटेचं."

"त्याचा कणा बदलला ना दसऱ्याला. बाभळीचा घातला. तूच तर बाभूळ तोडाय आल्तास, दादा."

रखमाजीला आठवलं. आला होता. फांद्या कुणाच्या वाट्याला जास्त जातात ते पाहायला आला होता.

"मंग माझं तेल कुठं गेलं?"

"मी तुझ्या नळीला हातबी लावला न्हाई. तूच रोज सकाळी तिच्याखाली बसलेला असतोस. मला वाटलं पूजा करतोस."

"तपासतो."

साळूबाई जात्यावरून उठून आली. "तपासलेलं तेल परत घालता का, आवो?"

"परत कसं घालणार? हाताला धूळ असती."

"मंग ते जातं कुठं?"

गोठ्यात रखमाजीचा बैल रवंथ करत उभा होता. त्याची शिंगं अशी चमकत होती की त्यांत पाहून पटका बांधावा. शेजारी कडूबाचा बैल, शिंगं राखुंडीच्या रंगाची. तिघांनी बैलाकडं पाहिलं. बैलानं त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्या चौघांत सगळ्यात निर्दोष तोच दिसला.

कडूबा हसला नाही. हात पुसत हळू म्हणाला, "म्हंजे दसऱ्यापासून तू मला चोर समजून राह्यला."

रखमाजी स्प्रिंग धूत राहिला. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"ह्या विटा कशाला आणल्या, दादा?"

"गाडीखाली लावायला."

"गाडीखाली सहा हायेत."

"गाडी जड हाये."

"तीनशे विटांची?"

"मिल्ट्रीची हाये," रखमाजी म्हणाला.

कडूबानं विटांच्या लांबलचक ओळीकडं पाहिलं, जात्याकडं पाहिलं, रांजणाकडं पाहिलं. वैनीकडं पाहिलं तर ती पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघत होती.

"मंग बराबर हाये," तो म्हणाला.

रखमाजीनं नव्या तेलाची बाटली त्याच्या पुढं सरकवली. "दोन्ही तूच भर. मी बघत न्हाई." आणि तो खरंच पाठ करून बसला. मागं तेल ओतल्याचा आवाज येत होता. एक पेला. थोडं थांबून दुसरा. रखमाजीची मान आखडून गेली, पण वळली नाही.

दिवस कलेपर्यंत चाक बसलं. कडूबानं जुन्या तेलाचा आपला भरलेला पेला उचलला आणि गोठ्यात जाऊन आपल्या बैलाची शिंगं चोळायला घेतली. "जोडी बराबर दिसली पायजे, दादा."

साळूबाईनं तोवर दोनशे चौऱ्याण्णव विटांतून रांजणाला ओटा घालायला सुरुवात केली होती. रखमाजी तिला विटा देत राहिला. त्याचं मन आता स्वच्छ होतं. फक्त कडूबानं आधी डावंच शिंग का घेतलं, एवढंच काही त्याला पटत नव्हतं.