सुई खाली का येते

तिसा नदीकाठच्या सेगेद शहरात, एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या शरदात, प्रयोगशाळेतल्या एतेल्काची सुई तीन आठवडे रोज थोडी थोडी खाली येत होती.

सुई म्हणजे विजेच्या मापकाची. बेडकाच्या पोटाची कातडी दोन काचपात्रांच्या मधोमध ताणून बसवायची, दोन्हीकडे सारखंच खारं पाणी भरायचं आणि बघत राहायचं. मेलेली कातडी काहीच करत नाही. पण पेशी जिवंत असतात तोवर त्यांचं आवरण राबत असतं. बाहेरच्या पाण्यातलं सोडियम वेचून आत घ्यायचं, पुन्हा बाहेर फिरकू द्यायचं नाही. हे काम जितकं जोरात, तितकी सुई वर. या आकड्यांवर एतेल्काचं प्रागच्या परिषदेला जाणं ठरायचं होतं. जागा एकच होती आणि दुसरा उमेदवार समोरच्याच टेबलाशी बसत होता.

"काय गं, आजही रुसली का तुझी कातडी?" समोरून बारनाबाश विचारायचा. चरबी लावलेला पाव नि कांदा खात, अगदी सहज.

याला कसं कळलं? एतेल्काच्या मनात पाल चुकचुकायची. त्याने बेडकांच्या तळघराची किल्ली मागून घेतली, त्याच आठवड्यापासून सुई घसरली होती.

तिने आपल्या खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांच्या बुचांना बारीक रेशमी दोरे बांधले. सकाळी दोरे जसेच्या तसे, सुई मात्र आणखी खाली. दुसरं कुणी असतं तर निवळलं असतं. एतेल्काला वाटलं, तो दोरे सोडतो आणि पुन्हा तस्सेच बांधून ठेवतो. तशी गाठ बारनाबाशला येते का, हे ती दोन दिवस त्याच्या बुटांच्या नाड्यांकडे पाहून ताडत राहिली.

गुरुवारी तिने संचालक सेपेशींना पत्र दिलं. त्यात 'जाणूनबुजून नुकसान' असे शब्द होते. उठाव चिरडून बसलेल्या साम्यवादी राजवटीच्या त्या दिवसांत त्या शब्दांनी माणसाची नोकरीच जात असे असं नाही, माणूसही जात असे. त्यातून बारनाबाशचा भाऊ दोन वर्षांपूर्वी सीमा ओलांडून पळालेला.

शुक्रवारी सकाळी बारनाबाशला वर बोलावणं आलं. एतेल्का बेडूक आणायला पहिल्यांदाच स्वतः तळघरात उतरली. बेडकांची देखभाल करणारी वेरोनमावशी टाकीत मूठभर काहीतरी भुरभुरवत होती.

"मावशी, काय टाकताय?"

"मीठ. अगं, पोटं लाल झाली होती बिचाऱ्यांची. माझा नवरा मासळीला असंच करायचा. बघ, कशी टुणटुणीत झालीत! तुम्ही शिकलेल्या बायका, कापायचं तेवढं ठाऊक."

"कधीपासून?"

"झाले की तीन आठवडे. त्या बारनाबाशने किल्ली घेतली ना, त्यानेच दाखवली मला लाल पोटं. म्हणाला, बघा काही जमतंय का."

एतेल्काला उमगलं. तळ्याच्या गोड्या पाण्यात मीठ, म्हणजेच सोडियम, दुर्मीळ, म्हणून कातडी ते हावरटासारखी ओढते. टाकीच खारी केल्यावर पेशींनी कशाला जीव काढावा? त्यांनी आपलं ओढणंच मंद केलं होतं.

"बिनमिठाचे आहेत का कुठले?"

"त्या बादलीत दोन. धडधाकट आहेत, त्यांना कशाला औषध?"

त्यांतल्या एकाची कातडी बसवली आणि सुई तटकन वर गेली. एतेल्का टिपून घ्यायलाही थांबली नाही. जिने चढून ती थेट सेपेशींच्या खोलीत शिरली.

बारनाबाश भिंतीशी उभा होता. टोपी हातात, चेहरा पांढरा.

"साहेब, पत्र चुकीचं आहे. टाकीत मीठ होतं, त्यामुळे झालं."

सेपेशींनी चष्मा काढला. "मीठ आपल्या पायांनी चालत आलं? कुणी टाकलं? टाकायला कुणी सांगितलं?"

शेवटचे दोन प्रश्न, आणि त्यांतला धोका एतेल्काला ऐकू आला तसा खोलीत कुणालाच आला नसेल. मावशीचं नाव घेतलं की मावशी सांगणार, बारनाबाशने लाल पोटं दाखवली. मग पत्र खरंच ठरणार.

"मी टाकलं," ती म्हणाली. "बेडूक आजारी होते. नोंद करायची राहिली."

"आणि स्वतःच टाकून दुसऱ्यावर पत्र लिहिलंत?"

"विसरले होते, साहेब."

सेपेशींनी चष्मा पुन्हा चढवला. मग तिचा प्रागचा अर्ज त्यांनी खणात सरकवला. "जा दोघंही."

बाहेर बारनाबाशने जिन्याचा कठडा धरला. "तू तळघरात पाऊलसुद्धा टाकत नाहीस."

ती एक पायरी उतरली.

"पत्र तुझंच होतं ना?"

"हो."

त्याने टोपी घातली. पुढे अकरा वर्षं दोघं त्याच खोलीत समोरासमोर बसून काम करत राहिली. एकमेकांचे आकडे तपासले, एकमेकांच्या लग्नांना गेली. पण एतेल्काने केलेली कॉफी बारनाबाशने कधी ओठाला लावली नाही. "आत्ताच झाली," म्हणायचा.